फक्त फायनलीला येणारे अण्णा

अण्णांनी उभ्या आयुष्यात पहिल्या फेरीची म्याच कधी बघितली नाही. दुसऱ्या फेरीचीही नाही. औरादला बसव जयंतीच्या आठवड्यात व्हॉलीबॉलचे सामने भरायचे. उदगीर, भालकी, जहीराबाद, कुठून कुठून संघ यायचे. चार दिवस मैदानाची धूळ खाली बसायची नाही, आणि मैदानापासून हाकेच्या अंतरावर अण्णा आपल्या तेलाच्या घाण्यावर बैलामागं फिरत असायचे. आरडाओरडा कानावर पडायचा, पण मान वळायची नाही. चौथ्या दिवशी दुपारी कोणीतरी जाऊन सांगायचं, "अण्णा, फायनल लागली." मग बैल सुटायचा, त्याच्या डोळ्यांवरची झापड निघायची, अण्णा धोतराच्या सोग्याला हात पुसायचे, एक रिकामा तेलाचा डबा उचलायचे आणि मैदानाकडं चालू लागायचे. फायनलीत कोण आलंय, हे वाटेत कोणाला विचारायचे नाहीत. "जो आलाय तो दिसंलच की," म्हणायचे.

गावात त्यांना सगळे फायनल अण्णा म्हणत. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. मी कधी विचारलं नाही. ते आम्हाला नावानं हाक मारत नसत. त्यांच्यापेक्षा लहान तो प्रत्येक जण 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या भागात कानडी आणि मराठी एकाच ताटात जेवतात, त्यामुळे त्यात कोणाला वेगळं वाटायचं नाही.

ज्यांनी व्हॉलीबॉल खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. समोरून आलेला चेंडू एक जण उचलतो, शेवटी एक जण मारतो, आणि टाळ्या मारणाऱ्याला पडतात. या दोघांच्या मधे एक असतो, त्याला लिफ्टर म्हणतात. चेंडू कोणाला द्यायचा, किती उंच द्यायचा, नेटपासून किती लांब द्यायचा, हे सगळं त्याच्या दहा बोटांत असतं, आणि विचार करायला वेळ एका टिचकीएवढा. मी लिफ्टर होतो. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच, पण माझ्यासारखी बोटं त्या काळी औराद तालुक्यात दुसऱ्याला नव्हती. हे मी आधीच सांगून ठेवतो. खोटं वाटत असेल त्यानं माझ्या वयाच्या माणसाला विचारावं. तशी माणसंही आता फार राहिली नाहीत.

अण्णा आपला डबा नेटच्या रेषेत, खांबापासून दहा पावलांवर पालथा घालायचे आणि त्यावर बसायचे. चेंडूकडं बघायचे नाहीत. लिफ्टरच्या बोटांकडं बघायचे. एकदा एकाच्या हाताला लागून चेंडू असा उडाला, की थेट हॉटेलवाल्याच्या भज्यांच्या कढईत जाऊन पडला. सगळं मैदान हसत, ओरडत तिकडं पळालं. हॉटेलवाला शिव्या द्यायलाय, पोरं तापलेल्या चेंडूवर पाणी मारायलीत, आणि अण्णा डब्यावरून हलले नाहीत. शेजारच्याला म्हणाले, "तिकडं काय बघायलास? लिफ्टर बघ. तेराला तेरा झालेत अन हा हसायलाय. गेली म्याच." आणि ती म्याच खरंच गेली. सामना संपला, लोक नाचायला लागले की अण्णा उठून डब्याची धूळ झटकायचे आणि कोणालातरी हळूच विचारायचे, "कोण जिंकलं रे?" लोकांना वाटायचं म्हातारा चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. त्यांना खरंच माहीत नसायचं.

"पोत्यातली करडई समदी सारखीच पांढरी," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. "कोणत्या दाण्यात तेल हाय ते घाण्यात दाब पडल्यावरच कळतं. पोत्यात हात घालून वा वा करणारा खुळा." त्यांच्या लेखी पहिल्या फेऱ्या म्हणजे पोतं. तिथं कोणीही चांगला खेळतो. समोरचा कच्चा असतो, हरलं तरी उद्या आहे, बघायला चार म्हशी आणि सहा पोरं. माणूस बघायचा तर तो फायनलीत, चौदाला चौदा झालेलं असताना. तिथं त्याची बोटं काय करतात, तेवढाच तो माणूस. बाकी सगळी पेंड.

हे नुसतं खेळापुरतं नव्हतं. त्यांच्या थोरल्या मुलीला स्थळ आलं भालकीकडचं. मुलाकडच्यांनी बोलावलं, या, बघून जा, पोहे खाऊन जा. अण्णा गेले नाहीत. ऐन राशीच्या दिवसांत, ज्वारी खळ्यावर पडलेली आणि वर आभाळ भरून आलेलं असताना, न सांगता जाऊन त्यांच्या बांधावर उभे राहिले. मुलगा गड्यांवर कसा बोलतोय, ताडपत्री आधी कोणाच्या राशीवर टाकतोय, ते तासभर बघितलं आणि परत आले. घरात म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. आधी शेजारणीची रास झाकली, मग आपली." पोहे खाल्ले नाहीत म्हणून व्याही दहा वर्षं बोलून दाखवत होते. मुलगी मात्र सुखात नांदली.

त्यांनी मोठे म्हणून मानलेले लिफ्टर दोनच. एक उदगीरकडचे मास्तर, ते माझ्या आधीच्या काळातले. दुसरा जहीराबादचा एक लॉरी ड्रायव्हर. या ड्रायव्हरची गोष्ट अण्णांनी मला शंभर वेळा तरी सांगितली असेल. फायनल, शेवटचा गेम, त्याच्या मारणाऱ्यानं लागोपाठ दोन चेंडू नेटमधे घातलेले. लोक त्या मारणाऱ्याला बाहेर काढा म्हणून ओरडायलेत. ड्रायव्हरनं तिसरा चेंडूही त्यालाच दिला. "त्याच्याकडं बघितलंबी न्हाई," अण्णा सांगायचे. "बघितलं असतं तर त्यो मारणारा मेला असता तिथंच. ह्यानं गुमान दिला. अन त्यानं असा हाणला तम्मा, की चेंडू समोरच्या पाटलाच्या पागोट्यावरून गेला." मी विचारायचो, "मग जिंकले का?" अण्णा डोक्याला हात लावायचे. "कामून तू सारखं तेच विचारायलास? मला काय म्हाईत!"

आणि मी? मी आठ वर्षं खेळलो. पहिल्या सात वर्षांत अण्णांनी मला एकदाही खेळताना बघितलं नाही, कारण आमचा संघ कधी फायनलीत गेला नाही. चार वेळा सेमीफायनलीत हरलो. घाणा आणि मैदान यांच्या मधे एक बोळ. मी इकडं जिवाचं रान करायलोय, बाया छतावर चढून बघायल्यात, आणि तो माणूस तिकडं बैलामागं. मला याचा किती राग यायचा ते आज सांगायला लाज वाटत नाही. पाहुणे आले की अण्णा माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे सेमीफायनलपर्यंतचे लिफ्टर." पाहुणे हसायचे. मी घाण्यावर भांडायला जायचो.

"अण्णा, पाच म्याची मी काढून दिल्या यंदा. त्या काय आपोआप झाल्या?"

"झाल्या की. चांगलंच केलास."

"मग एकदा येऊन बघा तरी."

"तू फायनलीत ये, मी येतो. माझा डबा तयार हाय."

"अन आलोच न्हाई तर?"

"तर मी तुला बघितलोच न्हाई म्हणंल. वाईट तर म्हणणार न्हाई न्हवं?"

एवढं बोलून माझा हात ओढून घ्यायचे. माझी बोटं सामन्यांत सुजायची, कधी निखळायची. अण्णा कोमट करडईचं तेल घेऊन एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत चोळायचे. निखळलेलं बोट कधी ओढलं ते मला कळायचंही नाही. बोलता बोलता कट् असा आवाज यायचा, आणि झालं. माझी बोटं त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती. तीच बोटं मैदानात काय करतात, तेवढं मात्र त्यांनी बघितलं नव्हतं. आज हे लिहिताना वाटतं, त्यांनी बघावं म्हणूनच मी एवढी वर्षं खेळलो असेन. घरचे म्हणायचे, शेत कोण बघणार? मी म्हणायचो, यंदा एकच वर्ष.

आठव्या वर्षी आम्ही फायनलीत गेलो. ते मस्तानमुळं. मस्तान सायकल दुकानवाला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, उंचीनं माझ्या खांद्याएवढा, पण उडायचा कसा ते विचारू नका. चेंडू किती का उंच दिला असेना, तो त्याच्याही वर. त्या वर्षी बसव जयंती रमजानमधेच आली होती. मस्तान काही कडक रोजे धरणारा नव्हता. वर्षाला चार-दोन धरायचा, तेही चहाची आठवण काढत. त्यामुळे कोणाच्या मनात काही आलं नाही. सामन्याच्या मधे तांब्या फिरायचा, तोही सगळ्यांसारखा तोंड लावायचा.

चौथ्या दिवशी सकाळी सेमीफायनल होती. दोन गेमच्या मधे तांब्या माझ्याकडून मस्तानकडं गेला. त्यानं तोंड भरून पाणी घेतलं आणि बाजूला वळून थुंकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा थुंकलं. मी लिफ्टर, मला बारीक बघायची सवय. त्याचा घसा हलला नव्हता. म्याच जिंकली, लोक अंगावर पडले, आणि मी त्याला ओढत शाळेच्या भिंतीमागं नेलं.

"रोजा धरलास?"

तो हसला. "तेरेकू कैसे समझा?"

"किती झाले?"

"सब. एक बी नै छोड्या." मग त्यानं सांगितलं. महिन्यापूर्वी त्याची मुलगी तापानं फणफणली होती, वाचते की नाही असं झालं होतं. तेव्हा त्यानं दर्ग्यात कबूल केलं होतं, पोरगी उठली तर तीसच्या तीस रोजे धरीन. पोरगी उठली.

"अरे, चारला फायनल हाय. वैशाखाचं ऊन. पाण्याबिगर मरशील."

"मरता नै रे. सुन, किसीकू नक्को बोल. कॅप्टनला कळलं तर तो मला बसवंल. अन हारलो तर लोक म्हणतील, रोज्यानं हरवलं. रोज्याचं नाव येऊ नये. मै जिंदा हौं तलक किसीकू नक्को बोल."

मी त्याच्या हातावर हात मारला. मी दिलेला शब्द मोडत नाही. ही माझी फुशारकी समजा हवं तर, पण तसंच आहे.

चार वाजता अण्णा आले. बोळातून डबा घेऊन येताना मी त्यांना बघितलं. त्यांनी नेहमीच्या जागी डबा पालथा घातला, बसले, आणि माझ्या हातांकडं बघायला लागले. आठ वर्षांनी.

पहिला गेम मी असा खेळलो, की तसा कोणी खेळला नसेल. समोर उदगीरचा संघ होता, सगळे धिप्पाड. मी चेंडू मस्तानला द्यायचो, आणि तो दरवेळी त्यांच्या हातांच्या वरून हाणायचा. पंधराला नऊ. मधेच चोरून बघितलं, अण्णा पुढं झुकून बसले होते. दुसऱ्या गेमला मस्तानची उडी उतरली. चेंडू नेटला लागायला लागले. तो गेम गेला. मधल्या वेळात तो खाली बसला, गुडघे धरून. ओठ पांढरे पडलेले, कडेला फेस वाळलेला. तांब्या आला, त्यानं तोंडात पाणी घेतलं आणि थुंकलं. या वेळी त्याला थुंकायला किती जड गेलं, ते मी एकट्यानं बघितलं.

तिसऱ्या गेमला दहाला दहा झाले, आणि तिथून मी मस्तानला चेंडू देणं बंद केलं. उजवीकडं धोंडिबा होता, चांगला पोरगा, पण हात साधा. सगळे चेंडू मी त्याला द्यायला लागलो. मस्तान ओरडला, "दे रे, मेरेकू दे!" मी ऐकलं नाही. आम्ही तेरा, ते चौदा, सर्व्हिस त्यांची. मागच्यानं चेंडू सुरेख उचलून दिला, अगदी माझ्या डोक्यावर. डावीकडून मस्तान धावला. पायांचा आवाज मला आला. पुन्हा "दे!" असं ओरडला. मी उजवीकडं धोंडिबाला दिला. धोंडिबानं नेटमधे घातला.

लोक मैदानात घुसले. त्या गर्दीतून अण्णा डबा घेऊन माझ्यासमोर आले. कोण जिंकलं ते त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

"तम्मा," म्हणाले, "भ्यालास."

बाजूला मस्तान उभा होता. तो पुढं आला, "अण्णा, वो..." एवढंच बोलला असेल. मी त्याचा दंड दाबला. "गप," म्हणालो. अण्णा दोघांकडं बघत थोडे थांबले आणि निघून गेले.

सूर्य बुडताना आम्ही मस्तानच्या दुकानापाशी बसलो. मशिदीतून आवाज आला, त्यानं खजूर तोंडात टाकली, एक मला दिली. पाणी प्याला. बराच वेळ प्याला. मग म्हणाला, "दिया क्यू नै रे?"

"तुझ्यासाठी," मी म्हणालो.

त्यानं खजुराची बी लांब फेकली आणि तिथंच आडवा झाला. मला वाटलं, दमलाय.

पुढच्या वर्षी धोंडिबा पुण्याकडं कामाला गेला, मस्तानचा गुडघा गेला, माझी दोन बोटं मळणी यंत्रात सापडली. आम्ही पुन्हा फायनल खेळलो नाही. अण्णांनी मला आयुष्यात एकदाच खेळताना बघितलं. त्यानंतर पाहुणे आले की ते म्हणायचे, "हे आमचे लिफ्टर. एक फायनल खेळलेत." बस्. पुढं काही नाही. चांगलं नाही, वाईट नाही. सेमीफायनलपर्यंतचे म्हणत होते तेव्हा निदान हसता तरी येत होतं.

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं नाही. तेल त्यांच्याकडूनच आणायचो, वाद रोजचाच. पुढं घरोघरी टीव्ही आला, क्रिकेट आलं. लोक कोणाची किती शतकं ते तोंडपाठ सांगायचे. अण्णा ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "फायनलीत किती?" मग सांगणाऱ्याची गाडी अडायची. मी मुद्दाम म्हणायचो, "अण्णा, फायनलीत आणणाराच नसला तर फायनल कशी होईल? वर्षभर ओढणाऱ्या बैलाला मोल न्हाई, अन जत्रेत एक दिवस नाचणाऱ्याला शाल?" ते म्हणायचे, "बैलाला वैरण हाय की. शाल कामून पाहिजे बैलाला?" सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि घरी जाईपर्यंत मनात एकच असायचं. एक वाक्य बोललो तर हा माणूस आपला शब्द मागं घेईल. घाण्यासमोर उभं राहून ते वाक्य मी कितीदा गिळलं असेल. जिभेवर आलेलं असायचं. मग मस्तान सायकलवरून जाताना दिसायचा, हात करायचा, आणि मी तेल घेऊन घरी यायचो.

पस्तीस वर्षांनी मस्तान गेला. बसल्या जागी, दुकानात, हातात पाना. त्याला माती देऊन आलो, आठ दिवस घरात बसलो, आणि नवव्या दिवशी अण्णांकडं गेलो. शब्द होता तो जिवंत असेपर्यंतचा.

लाकडी घाणा कधीच मोडला होता. तिथं अण्णांच्या मुलानं तेलाची मशीन टाकली आहे, तिच्या मागच्या खोलीत अण्णा खाटेवर पडून असायचे. नव्वदी ओलांडलेली. हाडं आणि कातडी, पण कान शाबूत. सून चहा ठेवून गेली. मी त्यांच्या उशाशी बसलो आणि सगळं सांगितलं. रोजा, भिंतीमागचं बोलणं, पांढरे ओठ, थुंकलेलं पाणी. कधी कोणासमोर एवढा बोललो नसेन. सांगून झालं तेव्हा अण्णांचे डोळे मिटलेले होते. वाटलं, झोप लागली.

"त्यो म्हणलता का तुला, मला देऊ नको म्हणून?" डोळे न उघडता अण्णांनी विचारलं.

"न्हाई."

"मग कोण म्हणलं?"

"कोणी न्हाई. मीच."

"त्यो मागायलता न्हवं?"

"मागायलता. दोनदा मागितला."

अण्णांनी डोळे उघडले. "तम्मा, दिवसभर घोटभर पाणी न्हाई, तरी माणूस मैदानात उतरला. कशाला उतरला? चेंडू मारायला. अन तू त्याला तेवढाबी दिला न्हाईस."

"पडला असता अण्णा तो."

"पडू द्यायचा. त्याचं पडणं त्याचं होतं. तू कामून मधी आलास?"

पस्तीस वर्षं मी ज्याच्यासाठी तोंड शिवून घेतलं, त्याचं हे बक्षीस! मी म्हणालो, "तुमी मला भ्यालास म्हणलात. सगळ्या गावासमोर म्हणलात. मी हरायला भ्यालो नव्हतो."

"व्हय. ते मला आज कळलं. मला वाटलं, हरायला भ्यालास. तू त्याच्यासाठी भ्यालास."

"मग ते येगळं न्हाई का?"

"येगळं हाय," अण्णा म्हणाले. "लई येगळं हाय. पण चेंडू तर दिला न्हाईसच की."

मी उठलो. खरं सांगतो, शिव्या ओठावर आल्या होत्या. दारापर्यंत गेलो. मागून आवाज आला.

"चौदा-तेरा होतं न्हवं? ते चौदा, तुमी तेरा."

मी वळलो. ज्या माणसानं आयुष्यात कुठल्या म्याचीचा आकडा लक्षात ठेवला नाही, तो मला आकडा सांगत होता.

"मागच्यानं चांगला उचललता," अण्णा म्हणाले. "अगदी डोक्यावर आलता तुझ्या. मस्तान कुठं होता?"

"डावीकडं. कोपऱ्यात."

"हां. उचल."

"काय?"

"चेंडू उचल. दे त्याला."

बाहेर मशीन चालू होती, खोलीला तेलाचा वास. मी सत्तरीला टेकलेला माणूस, पिशवी खाली ठेवली, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि दोन्ही हात डोक्यावर नेले. दोन बोटं वळत नाहीत, बाकीची वळली. डावीकडं चेंडू दिला.

अण्णांनी मान हलवली. "उंच. त्याची उडी उंच होती."

मी पुन्हा हात वर नेले. या वेळी गुडघ्यातून उठलो, जसा तेव्हा उठायचो तसा. बोटं उघडली. अण्णांची नजर माझ्या हातांवरून निघाली आणि वर, डावीकडच्या कोपऱ्यात गेली. तिथं आढ्याखाली मोकळी भिंत आहे, दुसरं काही नाही. नजर तिथंच थांबली. मी हात खाली घेतले. ते बघतच होते. बराच वेळ बघत होते.

मी वाट बघितली. आता बोलतील, मग बोलतील. शेवटी मी पिशवी उचलून निघालो. मनात राग होताच. म्हटलं, आठ दिवस जाऊ दे, मग येतो, तोवर यांच्या 'तू कामून मधी आलास' या प्रश्नाला उत्तरही सापडेल. त्या भेटीनंतर अकराव्या दिवशी सकाळी शेतात निरोप आला, अण्णा गेले.

त्यालाही दोन वर्षं होतील. सामने अजून भरतात, रात्री दिव्यांतही खेळतात म्हणे. मी फक्त शेवटच्या दिवशी जातो. लिफ्टरकडं बघत बसतो. घरी येताना बोळातून येतो, मशीन बंद असली तरी थोडा थांबतो. त्यांच्या खाटेपाशी दुसऱ्यांदा दिलेला चेंडू बरोबर गेला होता का नाही, हे मी अण्णांना विचारलं नाही.